ओल्या चादरीचं वजन

सुईणमावशीने धाकटीच्या पोटावरचा हात काढला आणि ती कोणाच्याच डोळ्याला डोळा देईना, तेव्हाच थोरल्या जावेने ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

सकाळचे आठ वाजले होते. पाणमोट फुटून दोन तास झाले होते. सुतारकामाच्या शेडमधल्या त्या दोन खोल्यांत कालपर्यंत सगळं ठरल्यासारखं होतं. खाट भिंतीपासून ओढून घेतलेली, उकळून वाळवलेल्या कपड्यांची घडी उशाशी, नवं पातं, दोरा, दोन मोठी पातेली. बाळंतपण घरीच होणार होतं. सासूबाई आणि थोरली यांचं इतक्या वर्षांत कुठल्या एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर ते यावर. एरवी पाणी किती तापवायचं यावरूनसुद्धा दोघींची जुंपायची.

सासूबाईंचं कारण सरळ होतं. त्यांची बाळंतपणं याच मावशीच्या हातची. थोरलीचं कारण वेगळं होतं, आणि ते तिने नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. ती अकरा वर्षं मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. सात वर्षांपूर्वी तिची मुलगी तिथेच झाली. घरी आली तेव्हा एवढंच म्हणाली, "मुलगी झाली." नंतरचे काही महिने रात्री दचकून उठायची, तेही सगळ्यांनी बाळंतिणीचं अशक्तपण म्हणून सोडून दिलं. पण धाकटीला पाचवा महिना लागला, तेव्हा एकदा कपडे पिळता पिळता थोरलीने तिचा ओला हात धरला होता. "तुला मी तिथे जाऊ देणार नाही," ती म्हणाली होती. "माझा शब्द."

"मावशी, बोला की," सासूबाई म्हणाल्या. दारं-खिडक्यांना पॉलिश करून करून त्यांची नखं कायमची तपकिरी झाली होती. ती नखं त्यांनी तळहातात रुतवली होती. "तोंडाला कुलूप का लागलं?"

"डोकं वर आहे," मावशी म्हणाली. "ढुंगण खाली. पायाळू येतंय."

खाटेवरून धाकटीने विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे तुझं पोर हट्टी आहे. जगात उलट्या पावलांनी येणार म्हणतंय." मावशी हसली, पण हसणं ओठांच्या पुढे गेलं नाही. तिने आपले दोन्ही हात सासूबाईंपुढे धरले. हात थरथरत होते. "बघ. या हातांनी अंधारात सुई ओवलीय. आता कपातला चहा बशीत सांडतो. पोरीची पहिली वेळ. धड बाहेर येऊन डोकं अडकलं तर मी काय करू? देवाला हाक मारू? त्याला हल्ली माझ्यापेक्षाही कमी ऐकू येतं."

सासूबाई एकदम खाली बसल्या. क्षणभरच. मग उठल्या आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या धाकट्या मुलाला, धाकटीच्या नवऱ्याला, म्हणाल्या, "गाडी काढ. मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

"नाही," थोरली म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"कालपर्यंत तुम्हीच म्हणत होता, घरचं बाळंतपण ते घरचं."

"कालपर्यंत पोर सरळ होतं!"

दिराने पडदा बाजूला केला. तो लाकडाच्या वखारीचा टेम्पो चालवायचा. एरवी घरातल्या बायकांच्या वादात पडायचा नाही, वारा येईल तशी पाठ फिरवायचा. आज तो सरळ आत आला. "वहिनी, मी पहिल्यापासून दवाखानाच म्हणत होतो. तुम्ही दोघींनी मला गप्प केलंत. आता वेळ घालवू नका."

"भाऊजी, तुम्हाला माहीत नाही तिथे काय असतं."

"मग सांगा ना! सात वर्षं नुसतं 'माहीत नाही, माहीत नाही' करताय. काय असतं तिथे?"

थोरलीने खाटेकडे पाहिलं. धाकटी तिच्याकडे टक लावून पाहत होती. आत्ता, या घटकेला, तिच्यापुढे ते सांगणं म्हणजे बुडत्याला पाण्याची खोली सांगण्यासारखं होतं.

"ताई," धाकटी म्हणाली, "तुम्ही शब्द दिलाय." मग कळ आली आणि तिने खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरली.

मावशी थोरलीच्या कानाशी लागली. "शब्द मोठा की जीव मोठा, हे तुझं तू ठरव. पण लवकर ठरव."

थोरलीने ठरवलं, पण अर्धंच. "टाकीजवळच्या लहान आरोग्य केंद्रात नेऊ. तिथल्या बाई चांगल्या आहेत."

टेम्पोच्या मागे गादी टाकली. एका बाजूला सासूबाई, एका बाजूला थोरली, मधे धाकटी. लाकडाचा भुसा उडून तिच्या घामेजल्या कपाळाला चिकटत होता. प्रत्येक खड्ड्याला दीर पुढून ओरडायचा, "झालं, झालं, हा शेवटचा," आणि पुढे आणखी एक असायचा.

पाण्याच्या टाकीजवळचं केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक झाड आणि दोन नर्सबाई. धाकटी तपासणीला इथेच यायची. शेवटचे दोन महिने मात्र आली नव्हती, कारण कामावरून सुटी मिळेना. ठेंगण्या नर्सबाईने तिला हात धरून पलंगावर घेतलं, "घाबरलीस? मीसुद्धा घाबरले होते माझ्या वेळी," म्हणाली, आणि पोटावर नळकांडं टेकवून डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिली. धाकटीचा श्वास जरा खाली बसला. थोरलीला वाटलं, इथेच होऊ दे. या बाईच्या हाताखाली काय व्हायचं ते होऊ दे.

"ठोके छान आहेत," नर्सबाई म्हणाली. मग थोरलीला बाहेर झाडाखाली घेऊन गेली. "पण मी ठेवून घेऊ शकत नाही. पायाळू, त्यात पहिलटकरीण. माझ्याकडे रक्त नाही, भूल देणारं कोणी नाही, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. अडलं तर मी नुसती तिचा हात धरून बसेन."

"तेवढं तरी तिथे कोण करतं?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

नर्सबाईने तिच्याकडे पाहिलं. ती समजली असावी. "तुम्ही करा," ती म्हणाली. "कसंही करून आत राहा." आणि चिठ्ठी लिहून दिली.

मोठ्या दवाखान्याचं पुढचं दार थोरलीने सात वर्षांत ओलांडलं नव्हतं. ती रोज मागच्या बाजूने यायची, उतारावरून तळघरात, आणि तसंच मागून घरी जायची. आज धाकटीला दोन बाजूंनी धरून ते तिघं पुढच्या खिडकीशी उभे राहिले.

"नाव नोंदवलंय?" आतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"केंद्रात नोंदवलंय. ही चिठ्ठी."

"पत्त्याचा पुरावा?"

"वखारीच्या मागे, सुताराच्या शेडमध्ये राहतो," दीर म्हणाला.

"शेड म्हणजे पत्ता होत नाही."

सासूबाई पुढे झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं चकचकीत करणारी ती बाई त्या खिडकीत अर्धी आत वाकली. "साहेब, पोर पोटातून उलटं येतंय. ते काही पुरावा घेऊन यायचं नाही. तुम्ही लिहिता की मी इथेच फरशीवर बाळंतपण करू?"

कारकुनाने लिहिलं.

पण आतल्या दाराशी पहारेकरी आडवा झाला. "पेशंट एकटी आत. नातेवाईक बाहेर."

"मी तिची जाऊ आहे. मी इथेच कामाला..."

"कामाला असशील तर कामावर जा. नियम तो नियम."

चाकाची खुर्ची आली. धाकटीने थोरलीची बाही धरली होती, ती पहारेकऱ्याने एकेक बोट उचकटून सोडवली. खुर्ची आत ओढली गेली. दार बंद होईपर्यंत धाकटी मागे वळून पाहत राहिली.

थोरली दाराशीच उभी राहिली. त्या दारामागचा वास तिच्यापर्यंत आला होता, फिनाईलचा आणि त्याखालचा. तळघरात तो वास गाठोड्यांतून यायचा, तो तिचा रोजचा धंदा होता. इथे तो तिच्या अंगावर आला. तिला मागे फिरून पळावंसं वाटलं. खरंच दोन पावलं ती मागे गेलीही.

"कुठे निघालीस?" सासूबाई म्हणाल्या.

"आत जायला," थोरली म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला कळलं की ती जाणार आहे.

उतारावरून ती तळघरात गेली. आज तिची सुटी होती. मुकादम चहाला गेला होता, यंत्रं घरघरत होती. खुंटीवरचा निळा डगला तिने चढवला, डोक्याला फडकं बांधलं, धुतलेल्या चादरींची एक गाडी ओढली आणि लिफ्टने वर आली. प्रसूतीच्या मागच्या दाराला कोणी पहारेकरी नव्हता. निळ्या डगल्यातल्या बाईला तिथे कोणी कधी विचारत नसे. तिचा चेहराही कोणी पाहत नसे.

आत बारा खाटा होत्या आणि एकोणीस बाया. काही खाटांवर दोघी दोघी, एकीचं डोकं दुसरीच्या पायांशी. दोघी बाकांवर. कोणी कण्हत होतं, कोणी आईला हाक मारत होतं, एक मुलगी हमसून हमसून नुसतंच "नको, नको" म्हणत होती. आणि या सगळ्यावर एक आवाज होता.

"ओरडून पोर बाहेर येत नाही! तोंड मिट!"

चेहरा दिसायच्या आधी थोरलीच्या मांड्यांनी तो आवाज ओळखला. तिची गाडी तिथेच थांबली. मोठ्या सिस्टर. केस पिकले होते, पाय ओढत चालत होत्या, पण आवाज तोच. सात वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यातल्या बाकावर थोरली पडली होती, चौदा तास. पाय मिटले म्हणून याच बाईने फाडकन मांडीवर मारलं होतं, एकदा नाही, तीनदा. "मजा करताना कळलं नाही?" म्हणाली होती, आणि बाजूच्या दोघी आया हसल्या होत्या. नंतर टाके घातले ते बधिर न करताच. ओरडली तर "गोधडीला टाके घालताना गोधडी ओरडते का?" असं उत्तर मिळालं होतं.

ती तिथेच उभी राहिली असती. पण कोपऱ्यातून धाकटीचा आवाज आला, अगदी बारीक. "पाणी."

थोरली गाडी ढकलत गेली. धाकटीचे ओठ फुटले होते. तिने डोळे उघडले, मोठे केले.

"श्श," थोरली चादर झटकत म्हणाली. "मी जाऊबाई नाही. मी चादर बदलायला आलेय."

धाकटी हसायला गेली आणि रडली. थोरलीने ओल्या फडक्याने तिचे ओठ टिपले, घोटभर पाणी पाजलं. पुढचा तासभर तिने त्या एका खाटेची चादर इतक्या वेळा बदलली की बाजूची बाई कण्हता कण्हता म्हणाली, "बाई, आमच्याकडेही बघ की. तिचीच चादर काय सोन्याची आहे?"

थोरलीने तिचीही बदलली. आणखी दोघींचीही. तेवढ्यात मोठ्या सिस्टर धाकटीच्या खाटेशी पोहोचल्या.

"पाय लांब कर. लांब कर म्हणते ना! ऐकू येत नाही?" त्यांचा हात वर गेला.

थोरली मधे शिरली. कशी शिरली ते तिलाही कळलं नाही. हातातली चादर तिने दोघींच्या मधे पसरून धरली होती, जणू वाळतच घालायची होती.

"चादर बदलायची आहे, सिस्टर," ती म्हणाली. चादर तिने खाली घेतली नाही.

"आत्ता?"

"भिजलीय."

सिस्टरांचा हात हवेत थांबला. त्याच वेळी धाकटी मोठ्याने कळवळली, आणि सिस्टरांनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा पालटला. "डॉक्टरीणबाई!" त्या गरजल्या. "कोपऱ्यातली! पायाळू, आलंय!"

डॉक्टरीणबाई वयाने धाकटीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल नसेल. डोळ्यांखाली काळं, झग्यावर कोणाचं तरी रक्त. पण तिने हात धुतले आणि धाकटीच्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "मी सांगेन तेव्हाच जोर लावायचा. मी सांगेन तेव्हा थांबायचं. जमेल?" धाकटीने मान हलवली. मग डॉक्टरीण हात गुडघ्यांवर ठेवून नुसती पाहत राहिली. "ओढायचं नाही," ती पुटपुटत होती, बहुधा स्वतःलाच. "आपोआप येऊ दे. ओढायचं नाही."

आधी ढुंगण आलं, मग एक पाय घसरून बाहेर, मग दुसरा. बेंबीपर्यंत बाळ बाहेर आलं, मग खांद्यांपर्यंत, आणि मग काहीच हलेना. ते इवलंसं निळसर अंग तसंच लोंबत राहिलं, डोकं आत. थोरलीला मावशीचे थरथरते हात आठवले. ती मोजू लागली, कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. अकरा, बारा, तेरा. खोलीत एवढा आरडाओरडा होता, पण तिला फक्त स्वतःचं मोजणं ऐकू येत होतं. एकोणीस, वीस.

"सिस्टर, वरून दाबा," डॉक्टरीण म्हणाली. "आता. सगळा जोर, आता!"

डोकं आलं. बाळ रडेना. सिस्टरांनी ते उचललं, टेबलावर टाकलं, नळीने नाक-तोंड ओढून काढलं, पाठ खसाखसा चोळली. "रड की गं भवाने," त्या म्हणाल्या, आणि ते रडलं.

मुलगी होती. धाकटीने तिला गालाशी धरलं, जेमतेम तीन-चार श्वास. मग पलीकडून कोणीतरी किंचाळलं, एका बाईला तातडीने शस्त्रक्रियेला न्यायचं निघालं, डॉक्टरीण पळाली, बाळ काचेच्या पेटीत गेलं, आणि कोपऱ्यात धाकटीपाशी थोरली तेवढी उरली.

खरी भीती इथून पुढे होती, पण ती गुपचूप आली.

आया येऊन धाकटीच्या खालची फडकी बदलून गेली. जुनी तिने खाटेखालच्या बादलीत टाकली. थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा आली ती वेगळी आया होती. प्रत्येकीला आपल्या वेळचं फडकं तेवढं दिसत होतं.

"ताई, थंडी वाजतेय," धाकटी म्हणाली.

थोरलीने दोन चादरी घातल्या.

"ताई, झोप येतेय."

"झोपू नको. लेकीचं नाव काय ठेवायचं ते सांग."

"तुम्हीच..." वाक्य पुरं झालं नाही. तिच्या ओठांचा रंग गेला होता. थोरलीने खालचं फडकं चाचपलं. पुन्हा भिजलं होतं. धार नव्हती, नुसतं झिरपत होतं, हळूहळू, कोणाला त्रास न देता.

ती सिस्टरांकडे धावली. त्या टेबलाशी वाकून नोंद लिहीत होत्या.

"सिस्टर, कोपऱ्यातलीचं जास्त जातंय."

"सगळ्यांचंच जातं. बाळंतपण आहे, मेंदी नव्हे."

"थंड पडलीय ती."

"तू कोण गं? धुलाईची ना? चादर टाक आणि नीघ. मघापासून बघतेय मी, खाटेभोवती घिरट्या घालतेस. एकोणीस बाया आहेत, मला दोन हात आहेत."

थोरली मागे फिरली. सात वर्षांपूर्वीची ती असती तर कोपऱ्यात जाऊन बसली असती. पण तिने खाटेखालची बादली ओढली, आणि उचलताना तिच्या हाताला कळलं.

अकरा वर्षं तिने याच विभागाची गाठोडी उचलली होती. यंत्रात जास्त भरलं की पट्टा तुटायचा आणि मुकादम पगार कापायचा, म्हणून प्रत्येक गाठोडं आधी वजन करून घालावं लागे. कोरडं किती, घामाने ओलं किती, रक्ताने भरलेलं किती, हे तिचे हात डोळे मिटून सांगत. आणि कधीकधी एखादं गाठोडं यायचं, ते उचलताच तळघरातल्या सगळ्या बाया गप्प व्हायच्या. ते कोणाचं होतं, तिचं पुढे काय झालं, हे विचारायचं नसे. ते वजन तिला माहीत होतं.

ही बादली त्या वजनाकडे निघाली होती.

बाळांचा वजनकाटा टेबलाशेजारीच होता. थोरलीने बादली त्यात उपडी केली. लाल ओला ढीग पांढऱ्या ताटलीत पसरला, थोडं रक्त नोंदवहीवर उडालं.

"अगं ए! वेड लागलं का तुला?"

"सात फडकी आहेत," थोरली म्हणाली. तिने काट्यावर बोट ठेवलं. "सात कोरडी फडकी अर्ध्या किलोचीसुद्धा होत नाहीत. मी रोज मोजते. काटा बघा. पावणेदोन किलो. वरचं सगळं तिचं आहे, सिस्टर. पोर झाल्यानंतरचं. आणि आठवं फडकं तिच्याखाली भिजतंय."

सिस्टरांनी काट्याकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे पाहिलं.

मग ती पाय ओढणारी बाई धावली. तिने धाकटीच्या पोटावर मूठ रोवली, दुसरा हात आत घातला, आणि ओरडली ती साऱ्या विभागाला ऐकू जावी अशी. "डॉक्टरांना बोलवा! शिरेत सुई घाला, दोन्ही हातांना! रक्तपेढीला फोन लाव! तू, धुलाईवाली, तिचे पाय उचलून धर. वर. आणखी वर. आणि तिच्याशी बोलत राहा, डोळे मिटू देऊ नको!"

थोरलीने पाय धरले आणि ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. शेडमधली म्हातारी मांजर, सासूबाईंची नखं, दिराचे खड्डे, काय वाट्टेल ते. समोर सिस्टरांचे हात होते, कोपरापर्यंत लाल, चुकत नव्हते, थकत नव्हते. त्याच हातांनी थोरलीला मारलं होतं. ती त्या हातांकडे पाहत होती आणि ते थांबू नयेत म्हणून मनातल्या मनात हात जोडत होती.

बाहेर दिराचं रक्त घेतलं गेलं. ते जुळलं नाही; पण पेढीतून दोन पिशव्या आल्या, त्याच्या बदल्यात. एक वाजता गर्भाशय एकदाचं आवळून दगडासारखं घट्ट झालं. दीड वाजता नवं फडकं जवळजवळ कोरडं निघालं. धाकटीने डोळे उघडले आणि कुरकुरली, "पाय सोडा ना ताई, अवघडले."

सिस्टर हात धूत होत्या. थोरली शेजारच्या नळाशी उभी राहिली.

"ती तुझी कोण?" सिस्टरांनी पाण्याकडे बघतच विचारलं.

"धाकटी जाऊ."

"वाटलंच. डगला घालून घुसलीस. मला वर कळवावं लागेल. उद्या मुकादमापुढे उभी राहा."

"राहीन."

नळ वाहत होता. थोरलीला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. ती सिस्टरांकडे वळली.

"सात वर्षांपूर्वी तुम्ही मला मारलं होतं. त्या बाकावर. तीनदा."

सिस्टरांनी नळ बंद केला. त्यांनी थोरलीचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. कपाळ, डोळे, हनुवटी. खूप शोधत होत्या.

"मला आठवत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. मग हात पुसता पुसता, "कोणाकोणाचं आठवू?"

त्या पुढे काही म्हणतील म्हणून थोरली थांबली. पलीकडून कोणीतरी हाक मारली आणि सिस्टर पाय ओढत निघून गेल्या. या खेपेला त्यांचा आवाज लगेच आला नाही.

दाराबाहेरच्या बाकावर सासूबाई एकट्याच होत्या. दीर पेढीच्या खोलीत पडून होता, सुईला घाबरून घेरी आली होती. थोरलीचा डगला पाहून सासूबाई उठल्या आणि तशाच थांबल्या. डगल्याची पुढची सगळी बाजू माखली होती.

"दोघी आहेत," थोरली घाईने म्हणाली. "दोघी आहेत, आई. मुलगी आहे. धाकटी बोलली. माझ्यावर चिडलीसुद्धा."

सासूबाई पुन्हा बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. तोंडावर पदर न घेता, तपकिरी नखांची बोटं एकमेकांत अडकवून बसून राहिल्या.

"माझी मधली अशीच होती," त्या म्हणाल्या. "पायाळू. तुझा नवरा आणि हा, या दोघांच्या मधली. डोकं अडकलं. मावशीने खूप केलं. मग मावशीनेच तिला पुरायला नेलं." थोरलीने हे इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, तिच्या नवऱ्यालाही माहीत नसावं. "म्हणून तुझ्या वेळी मी तुला इथे ढकललं. म्हटलं, दवाखान्यात गेली, सुटले मी. आणि मग भीती वाटली म्हणून काही विचारलंच नाही. तू रात्री उठून बसायचीस. मी जागी असायचे. कूस बदलायचे."

"मग धाकटीचं घरी करायला का कबूल झालात?"

"तुझ्याकडे बघून. इथल्या बाळंतपणाचं नाव काढलं तरी तुला घाम फुटायचा. वाटलं, इथे माझ्या पोरीच्या वेळेपेक्षा वाईट काहीतरी असणार."

थोरली बाकावर बसली. आता कुठे तिचे हात थरथरायला लागले, मावशीसारखे, दोन्ही. तिने ते मांड्यांखाली दाबून धरले. सासूबाईंनी ते ओढून बाहेर काढले आणि स्वतःच्या मांडीवर घेतले, वाळलेल्या रक्तासकट.

"सांगतेस?"

"आत्ता? इथे?"

"मला कुठे जायचंय?"

"कुठून सांगू, आई? खूप आहे."

"दारातून आत गेलीस ना," सासूबाई म्हणाल्या, "तिथून सांग. मी कूस बदलणार नाही."